स्वातंत्र्ययुद्धातील औषधपेटी

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचे स्मरण होताच जनरल वॉशिंग्टन यांची मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु त्यांच्या सैन्याच्या औषधपेटीची कथा आपण क्वचितच ऐकतो. वस्तुतः त्या युद्धात शत्रूच्या गोळीपेक्षा देवी, ज्वर आणि अतिसार यांनीच अधिक सैनिकांचे बळी घेतले.

युद्धापूर्वी वसाहतींना लागणारी बहुतेक औषधे इंग्लंडहून येत असत. ती वाट बंद होताच सारा भार स्थानिक संस्थांच्या शिरावर येऊन पडला. १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्सिंग्टन येथे पहिली चकमक उडाली आणि अवघ्या अकरा दिवसांनी मॅसॅच्युसेट्सच्या सुरक्षा समितीने अँड्र्यू क्रेगी या एकवीस वर्षांच्या तरुण औषधविक्रेत्यावर औषधसाठ्याची जबाबदारी सोपविली. जखमा बांधण्यासाठी जुने तागाचे कापडही नागरिकांकडूनच मागवावे लागे.

लोकांच्या औदार्यात उणीव नव्हती. उणीव होती ती व्यवस्थेत. प्रत्येक वसाहत आपापल्या पलटणीची चिंता वाही. सर्व सैन्याचा एकत्रित हिशेब मात्र कोणापाशीच नसे. ऑक्टोबर १७७५ मध्ये डॉ. जॉन मॉर्गन यांची सैन्याच्या वैद्यकीय खात्याचे प्रमुख म्हणून नेमणूक झाली. फिलाडेल्फिया येथे १७६५ साली त्या देशातील पहिले वैद्यकीय विद्यालय स्थापन करणारे विद्वान ते हेच. त्यांनी पलटणींच्या शल्यवैद्यांकडून औषधांचा हिशेब मागितला, वाटपास शिस्त लावू पाहिली आणि साहजिकच अनेकांचा रोष ओढवून घेतला. तुटवडा देशाचा, परंतु ठपका एका मनुष्यावर आला! ९ जानेवारी १७७७ रोजी काँग्रेसने त्यांना पदच्युत केले. १७७९ साली त्याच काँग्रेसने त्यांना निर्दोष ठरविले खरे. पण गेलेले पद त्यांना परत मिळाले नाही. १७८९ मध्ये त्यांचे निधन झाले.

मॉर्गन गेले, तरी टंचाई राहिलीच. पेन्सिल्व्हेनियातील लिटिट्झ या लहानशा गावी मोराव्हियन पंथीयांचे बंधुगृह सैन्याच्या रुग्णालयासाठी घेण्यात आले होते. तेथेच डॉ. विल्यम ब्राउन यांनी १७७८ साली अवघ्या ३२ पानांची एक लॅटिन पुस्तिका सिद्ध केली. सैन्याच्या तत्कालीन दारिद्र्यात जी औषधे मिळू शकतील, त्यांच्याच कृती तीत दिल्या होत्या. अमेरिकेत छापलेला पहिला औषधिकोश तो हाच! संपन्नतेने नव्हे, तर अभावानेच त्याला जन्म दिला.

या कथेचे तात्पर्य सुज्ञ वाचकांस वेगळे सांगावयास नकोच. दान देणारे हात पुष्कळ असतात. परंतु ते दान गरजूच्या उशापर्यंत पोहोचविण्यासाठी चोख हिशेब लागतो आणि तो मागणाऱ्याचा मान राखण्याइतके मोठे मनही लागते. त्या सैन्याला पहिली गोष्ट उशिरा साधली. दुसरी साधेपर्यंत मात्र मॉर्गन यांच्या आयुष्याची उमेद सरून गेली होती.