तापीकाठची छत्री आणि आमेरचा राजवाडा



आपल्या हतनूर धरणात येणारं तापीचं पाणी बुऱ्हाणपूरवरून येतं. त्या बुऱ्हाणपूरजवळ नदीकाठी एक जुनी छत्री आहे. लोक तिला ‘राजा की छत्री’ म्हणतात. हा राजा म्हणजे मिर्झाराजे जयसिंह. १६६५ साली पुरंदरचा तह झाला आणि शिवाजी महाराजांना २३ किल्ले द्यावे लागले, तेव्हा समोर होते ते हेच. दक्षिणेतून परत जाताना १६६७ साली बुऱ्हाणपुरात त्यांचा मृत्यू झाला. ते घरी पोचलेच नाहीत.

ते घर कसं होतं? आज आपण तिथे जाऊ या. जयपूरपासून सुमारे ११ किलोमीटरवर आमेर आहे. तिथे डोंगराच्या उतारावर हा राजवाडा उभा आहे आणि खाली मावठा तलाव आहे. राजवाड्याचा जुना भाग राजा मानसिंहांनी बांधला, तो १५९९ साली पुरा झाला. पुढचे देखणे महाल जयसिंहांच्या काळातले.

आम्ही गटातल्या बायकांनी या वाड्याची रचना समजून घेतली, तेव्हा आधी दोनच गोष्टी शोधल्या. पाणी कुठून यायचं आणि बायका कुठे बसायच्या? कुठलंही घर या दोन प्रश्नांनी लवकर कळतं.

वाड्याला एकामागे एक चार चौक आहेत. पहिला फौजेचा. दुसऱ्यात दिवाण-ए-आम, म्हणजे राजा लोकांची गाऱ्हाणी ऐकायचा ती जागा. तिसरा राजाच्या खासगी राहण्याचा. सगळ्यात आत चौथा, जनानखाना. आपल्या जुन्या घरात ओटा, मग ओसरी, माजघर आणि शेवटी चूल असते ना, तोच हिशेब, फक्त डोंगराएवढा. बाहेरचा माणूस कुठवर यायचा, हे भिंतीच ठरवायच्या.

आता पाणी. तलाव खाली, वाडा वर. त्यासाठी रहाटगाडगी बसवली होती. बैल फिरायचे, माळेतली मडकी भरून वर यायची आणि एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर पाणी चढायचं. पावसाचं पाणीही टाक्यांत साठवायचे. तिसऱ्या चौकातल्या सुखनिवासात भिंतीवरून पाणी उतरायचं आणि संगमरवरी पाटातून वाहायचं. त्यावरून येणारा वारा उन्हाळ्यात दालन गार करायचा. पुढे तेच पाणी बागेला जायचं. न्हाणीचं पाणी केळीला सोडणाऱ्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

समोरच शीशमहाल आहे. भिंतींत आणि छतात आरशांचे बारीक तुकडे जडवलेले आहेत. एक दिवा लावला की छतभर चांदण्या पेटल्यासारखं दिसतं. थोड्या दिव्यात पुष्कळ उजेड मिळायचा.

बायका मात्र चौथ्या चौकात. मधे एक बारादरी, म्हणजे खांबांचा उघडा मंडप, आणि भोवती १२ राण्यांची दालनं. राजा कोणत्या राणीकडे गेला हे दुसरीला कळू नये, अशी वाट ठेवली होती असं सांगतात. राण्या एकमेकींना भेटायच्या त्या मधल्या मंडपात.

आणि गणेश पोळ, म्हणजे गणेश दरवाजा. त्याच्या वरच्या मजल्यावर दगडी जाळीच्या खिडक्या आहेत. तिथे बसून राजघराण्यातल्या बायका खालचा दरबार बघायच्या. त्यांना सगळं दिसायचं, त्या कुणाला दिसायच्या नाहीत. पुढे १७२७ साली जयपूर वसलं. तिथे १७९९ साली हवामहाल झाला, तोही याच कामासाठी. रस्त्यावरची मिरवणूक बघायची, पण जाळीआडून.

जाळी फार सुंदर आहे. वारा येतो, ऊन अडतं. कारागिरांच्या हाताला नमस्कारच करावा. पण जाळीतून नजर खाली जायची, शब्द जात नव्हता. दरबारात निर्णय व्हायचा तेव्हा राणीचं मत विचारायला तिथे जागाच ठेवलेली नव्हती. एवढ्या वैभवात तेवढं एक आसन नव्हतं.

२०१३ साली आमेरचा किल्ला जागतिक वारसा यादीत आला. तो आज सगळ्यांना खुला आहे. कुणीही बाई त्या जाळीपाशी उभी राहू शकते आणि खाली उतरून दिवाण-ए-आममध्येही जाऊ शकते.

आपल्या खेड्यांत दगडी जाळी कुठे नाही. ग्रामसभा असते, आणि तिच्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असा नियम आहे. तरी आपल्यातल्या कितीजणी दारात उभ्या राहून ऐकतात आणि ऐकून घरी जातात! पाण्याच्या टाकीचा विषय निघतो तेव्हा हंडा कोण वाहतं, हे आपल्यालाच ठाऊक असतं.

म्हणून पुढच्या सभेला जाल तेव्हा आधी जागा बघा. आत, पुढे, सतरंजीवर बसा. आणि पाण्याचा विषय आला की तुम्हीच पहिल्या बोला.

पुन्हा भेटू. नमस्कार.