ओझे, चाक आणि कच्ची वाट

कोल्हापुराहून गारगोटीस जाताना कागल तालुक्यातील बिद्री हे गाव लागते. थोडे पुढे मुदाळ तिट्टा आहे. तेथून एक रस्ता गारगोटीकडे, दुसरा राधानगरी-दाजीपूरवरून फोंडाघाटाकडे व तिसरा निपाणीकडे जातो. हे हमरस्ते पक्के आहेत. परंतु ते सोडून डोंगराकडे वळले, की लाल माती, जांभ्याचे दगड व खोल चाकोऱ्या सुरू होतात. अशा वाटेने आठ-दहा दिवसांचे सामान लादून निघावयाचे तर सायकल कशी असावी? प्रश्न हौसेचा दिसतो खरा; तथापि चुकीच्या वाहनावर घाट चढणारास त्याचे गांभीर्य पहिल्याच चढणीवर कळते.

ह्या प्रश्नाचे उत्तर सायकलीच्या इतिहासातच आहे. १८८५ साली इंग्लंडात स्टार्ली ह्याने सारख्या चाकांची व साखळीने चालणारी ‘रोव्हर’ सायकल सिद्ध केली. १८८८ साली बेलफास्ट येथे डनलॉप ह्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी गाडीस हवा भरलेली धाव बसविली, ती मुळी हादरे कमी व्हावेत म्हणून. पुढे शर्यतींच्या नादात तीच धाव अरुंद व कठीण होत गेली. गुळगुळीत रस्त्यावर हे शोभते. दगडांवर मात्र कठीण धाव प्रत्येक खड्यावर स्वार व ओझे ह्या दोहोंस उचलून आपटते. रुंद व मऊ धाव खड्यापुरती दबते आणि शक्ती वाया जात नाही.

फ्रान्समधील पॉल द व्हिव्ही ह्याने हे फार लवकर ओळखले. ‘व्हेलोसिओ’ ह्या टोपणनावाने लिहिणारा हा गृहस्थ चढणीसाठी हलक्या गिअरचा हिरिरीने पुरस्कार करी. परंतु शर्यतवाल्यांस गिअर बदलणे म्हणजे दुर्बलतेची कबुली वाटे. ‘टूर द फ्रान्स’ ह्या प्रसिद्ध शर्यतीत साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रास १९३७ साली कोठे परवानगी मिळाली! अभिमानापुढे सोयीला किती काळ थांबावे लागते, ह्याचे हे उत्तम उदाहरण होय.

आपल्याकडेही धाडस कमी नव्हते. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासास निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगारा हे तिघे इराण-इराकची वाळवंटे, युरोप, अमेरिका, जपान व चीन पाहून सुमारे ७१,००० किलोमीटर चालून १९२८ च्या मार्चात परतले. हे वाचून कोणी म्हणेल, की निर्धार असला म्हणजे कोणतीही सायकल चालते. परंतु निर्धार हा ज्याचा त्याने आणावयाचा असतो. तो उगाच खर्च होऊ नये म्हणूनच वाहनाची निवड करावयाची.

आणि ओझ्याची विद्या शिकण्यास परदेशी जावयास नको. खेड्यातील दूधवाल्याची काळी सायकल पाहावी. मागे वजन अधिक, म्हणून जुन्या घडणीत पुढच्या चाकास ३२ व मागच्यास ४० तारा असत. लोखंडी सांगाडा मोडला तरी कोणत्याही बाजारगावी जोडून मिळे. दुधाचे कॅन कॅरिअरच्या दोन्ही अंगांस, सारख्या भाराने व खाली टांगलेले. कारण उंच ठेवलेले ओझे उतारावर स्वारास डोलवते. उणीव एकच होती, चढणीच्या गिअरची. पुढे ४८ व मागे १८ दाते असले, तर पायडलाच्या एका फेरीत सायकल सुमारे ६ मीटर पुढे जाते; लादलेल्या सायकलीस घाटात हे अंतर दीड-दोन मीटरच हवे. म्हणून दूधवाला चढणीवर खाली उतरे, आणि त्यात त्यास लाज वाटत नसे.

तेव्हा निवड अशी ठरते: दूधवाल्याचा दणकट सांगाडा, भक्कम तारांची चाके व खाली टांगलेले समतोल ओझे, व्हेलोसिओचा हलका गिअर, आणि पन्नास मिलिमीटर वा त्याहून रुंद अशी, फार कठीण न फुगविलेली धाव. शिवाय धाव व ट्यूब तालुक्याच्या गावी मिळेल अशाच मापाची असावी. दुर्मिळ मापाची उंची सायकल आडरानात पंक्चर झाली, की तिच्या किमतीचा काडीइतकाही उपयोग होत नाही. शर्यतवाल्याने वेळेचा हिशेब केला, दूधवाल्याने दूध न सांडता पोहोचण्याचा. कच्च्या वाटेच्या प्रवाशाने ह्या दुसऱ्यास गुरू करावे.