हेर्नहूट: निर्वासितांनी वसवलेले गाव

जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतात, चेक आणि पोलंडच्या सीमांजवळ, हुटबर्ग टेकडीच्या पायथ्याशी हेर्नहूट आहे. नावाचा अर्थ 'प्रभूची राखण'. विश्वासासाठी मोराविया सोडून आलेल्यांना काउंट झिन्झेनडॉर्फ यांनी आपल्या जमिनीवर आसरा दिला. १७ जून १७२२ रोजी सुतार क्रिस्तियान डाविड याने पहिले झाड तोडले. पण बंधुभगिनींनो, आसरा मिळाला म्हणून मने थोडीच जुळतात! वाद वाढत गेले. १३ ऑगस्ट १७२७ रोजी शेजारच्या बेर्थेल्सडॉर्फ चर्चमध्ये प्रभुभोजन घेताना समेट झाला आणि १७३२ साली याच गावातून दोघे मिशनरी वेस्ट इंडीजला निघाले. कबरस्तानाला तिथे 'देवाचे शेत' म्हणतात. सगळ्यांच्या शिळा सारख्या, जमिनीलगत. मधोमध काउंटच्या घराण्याच्या कबरी मात्र उंच आहेत. तेवढा भेद राहिलाच.