ब्रेक ऑइल

ब्रेक पेडलवरचा दाब मोटारीच्या चाकांजवळील ब्रेकपर्यंत पोहोचवणारा द्रव. अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग मॉडेल ए (१९२१) या मोटारीत चारही चाकांना द्रवचालित ब्रेक होते. द्रव जवळजवळ दाबला जात नसल्याने दाब सर्वत्र सारखा पोहोचतो [→ पास्कल नियम].

‘डॉट’ या वर्गवारीतील डॉट ३, डॉट ४ व डॉट ५.१ ही ऑइले ग्लायकॉल ईथरवर आधारित असून हवेतील बाष्प शोषून घेतात. कोरड्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३०° से. असतो, ३.७ टक्के पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५° से. उरते. लांब घाट उतरताना ब्रेक तापले, की त्या पाण्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, पेडल तळाला टेकते आणि गाडी थांबत नाही. पाण्यामुळे धातूचे भाग आतून गंजतातही [→ गंजणे]. सिलिकोनयुक्त डॉट ५ या ग्लायकॉलयुक्त ऑइलांत मिसळत नाहीत. खनिज तेलही मिसळत नाहीत, कारण त्याने ब्रेकमधील रबरी सील फुगतात.

ऑइल साधारणतः दर दोन वर्षांनी बदलतात. ब्रेक ऑइलच्या टाकीत सीलबंद डब्यातील नवे ऑइल भरून प्रत्येक चाकाच्या ब्लीडर नटातून जुने बाहेर काढतात. स्वच्छ, बुडबुडेविरहित धार येईपर्यंत टाकी रिकामी होऊ देत नाहीत. अन्यथा नळ्यांत हवा शिरते. सांडलेले ऑइल गाडीचा रंग उतरवत असल्याने लगेच पाण्याने धुतात.