राणीची बाग, म्हातारीचा बूट आणि रविवार

मे महिना लागला की आमच्याकडे फोन सुरू होतात. कधी सांगलीची मावशी, कधी नाशिकचा आतेभाऊ. प्रश्न ठरलेला. "दोन दिवस मुंबईत आहोत, मुलांना काय दाखवू?" उत्तरही आता मला पाठ झालंय. राणीची बाग, म्युझियम, गेटवे, हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट आणि संध्याकाळी चौपाटीवर भेळ. बुधवारी राणीची बाग बंद असते, तेवढं सांभाळा. झालं!

ही यादी माझी नाही. ती बाबांकडून आली, त्यांच्याकडे आजोबांकडून. यंदा मनात आलं, की या जागा मुळात बांधल्या कुणी आणि कुणासाठी? म्हणून जरा जुनं वाचत बसले. तेव्हा एक गंमत लक्षात आली. म्हातारीचा बूट सोडला तर यादीतलं जवळजवळ काहीच मुलांसाठी बांधलेलं नाही.

राणीची बागच घ्या. शेती आणि बागायतीच्या हौशी मंडळींची एक संस्था होती, तिची आधी शिवडीला बाग होती. तिथे गोऱ्या लोकांचं कबरस्तान झालं आणि बाग भायखळ्याला आली. १९ नोव्हेंबर १८६२ ला गव्हर्नरच्या बायकोच्या, लेडी फ्रियरच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. नाव अर्थातच व्हिक्टोरिया राणीचं. देशोदेशीची झाडं आणून लावायची, ती इथे जगतात का पाहायचं, हा मूळ उद्योग. १८७३ मध्ये बाग नगरपालिकेकडे आली. आज लोक प्राणी बघायला जातात, पण खरा खजिना झाडांचाच आहे. पुढच्या वेळी गेलात तर तिथला गोरखचिंच नावाचा जाडजूड आफ्रिकन वृक्ष मुलांना जरूर दाखवा. हत्तीच्या पायासारखं खोड बघून मुलं थबकतात. आता बागेचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. तरी टॅक्सीवाल्याला 'राणीचा बाग' म्हटलं की लगेच कळतं.

बागेला लागूनच भाऊ दाजी लाड संग्रहालय. त्याची पायाभरणीही त्याच दिवशी, १९ नोव्हेंबर १८६२ ला झाली. जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या मंडळींनी त्यासाठी वर्गणी जमवली. मधेच १८६५ मध्ये कापसाच्या तेजीचा फुगा फुटला, भलेभले सावकार बुडाले. संग्रहालय उघडायला २ मे १८७२ उजाडलं. आत काय ठेवायचं, तर या मुलखात पिकणाऱ्या आणि बनणाऱ्या वस्तूंचे नमुने. म्हणजे व्यापारी आणि सरकारी नजरेचं कोठारच म्हणा ना. आज त्यातल्या मातीच्या छोट्या माणसांपुढे मुलं नाक चिकटवून उभी असतात.

संग्रहालयाच्या बाहेर एक दगडी हत्ती आहे. तो घारापुरीचा. ज्या हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला 'एलिफंटा' म्हटलं, तोच हा. १८६४ मध्ये त्याला उचलून विलायतेला न्यायचा बेत होता. उचलताना क्रेन मोडली, हत्ती पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे इथे बागेत आणून ठेवले आणि १९१४ मध्ये जोडून हत्ती पुन्हा उभा केला. माझा भाचा या हत्तीभोवती तीन फेऱ्या मारून, सांधे कुठे दिसतात ते शोधत होता. खऱ्या प्राण्यांपेक्षा त्याला हाच जास्त आवडला. "बरं झालं क्रेन मोडली," असं म्हणाला!

फोर्टातल्या म्युझियमची कथाही तशीच. पायाचा दगड ११ नोव्हेंबर १९०५ चा, प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते. इमारत तयार झाली आणि पहिलं महायुद्ध आलं, तर तिथे आधी सैनिकांचं इस्पितळ झालं. लोकांसाठी ते उघडलं १९२२ मध्ये. लहान मुलांसाठी वेगळं दालन मात्र २०१९ मध्ये सुरू झालं. गेटवे ऑफ इंडिया तर राजाच्या स्वागताची कमान! १९११ मध्ये पंचम जॉर्ज आले तेव्हा ती बांधूनही झाली नव्हती. ती पुरी झाली १९२४ मध्ये. आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी त्याच कमानीतून बाहेर पडली. आता तिथे फुगेवाले, फोटोवाले आणि कबुतरं यांचं राज्य आहे.

हँगिंग गार्डन म्हणजे चक्क पाण्याच्या टाकीचं झाकण. मलबार हिलच्या टाकीतून दक्षिण मुंबईला पाणी जातं, आणि त्या टाकीच्या छपरावर ही बाग. मुलं ज्या हिरवळीवर कोलांट्या उड्या मारतात, तिच्या खाली कोट्यवधी लिटर पाणी असतं. टाकी जुनी झाली म्हणून ती नव्याने बांधायची असं २०२३ मध्ये ठरत होतं. त्यात ३८९ झाडांवर गदा येणार होती. नागरिकांनी विरोध केला, तज्ज्ञांनी टाकी तपासली आणि २०२४ मध्ये डागडुजीवर निभावलं.

आणि समोर, कमला नेहरू पार्कमध्ये, म्हातारीचा बूट. हा मात्र खरोखर पोरांसाठी. पार्क १९५२ चं. बुटाची कल्पना सोली आर्सीवाला यांची. हे पालिकेत काम करणारे पाण्या-सांडपाण्याचे इंजिनियर! स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं झाली होती. पालिकेच्या एका इंजिनियरला मुलांसाठी बूट बांधावासा वाटला आणि तो बांधला गेला, हे मला फार छान वाटतं.

असो. तर सांगायचा मुद्दा असा. जागा होत्या. पण तिथे जाणार कोण?

मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली. राणीची बाग उघडली तेव्हा गिरण्यांचं युग सुरू झालेलं होतं, आणि पुढे भायखळा, लालबाग, परळ हा सगळा भाग गिरण्यांनी आणि चाळींनी भरून गेला. बाग अगदी हाकेच्या अंतरावर. पण गिरणी कामगाराला आठवड्याची सुट्टीच नव्हती. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम. मुलांचं काय? तर मुलंही गिरणीतच. १८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी आली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांचे तास नऊवर आणले. नऊवर 'आणले'! हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. माझा भाचा आठ वर्षांचा आहे.

त्याच कायद्याने मुलांना महिन्यात चार सुट्ट्या दिल्या. त्यांच्या आईबापांना नाही. म्हणजे मुलाला सुट्टी असली तरी त्याला बोटाला धरून बागेत नेणार कोण?

रविवार मिळवून दिला तो नारायण मेघाजी लोखंडे यांनी. लोखंडे सत्यशोधक, महात्मा फुले यांचे सहकारी, 'दीनबंधु' चालवणारे. स्वतः गिरणीत नोकरी केलेले. १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारदरबारी दिला. आठवड्यातून एक दिवस सुट्टी ही त्यातली मुख्य मागणी. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीला दहा हजार कामगारांची सभा झाली. त्यात दोन कामगार बायकाही बोलल्या. १८९० साली, दहा हजारांच्या सभेत! आणि १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या कायद्यात, आठवड्याची सुट्टी आली.

हिशोब करून बघा. १८६२ ते १८९०. बाग उघडल्यापासून तब्बल अठ्ठावीस वर्षांनी शेजारच्या गिरणीतल्या माणसाला ती सवडीने बघायला एक हक्काचा दिवस मिळाला. लोखंडे १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करता करता गेले. २००५ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं. पण दर रविवारी राणीच्या बागेच्या दारात जी रांग लागते ना, ते मला त्यांचं खरं स्मारक वाटतं.

सुट्टी मिळाली तरी भाडं परवडायला हवं. मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ ला सुरू झाली, तेव्हा कुलाबा ते पायधुणी भाडं तीन आणे होतं. पुढे ते दोन आण्यांवर आलं. विजेची ट्राम १९०७ मध्ये आली आणि ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. बाबा तेव्हा नऊ वर्षांचे होते. त्यांच्या तोंडून ट्रामबद्दल मी जितकं ऐकलंय, तितकं त्यांच्या शाळेबद्दलही नाही.

आमचे आजोबा लालबागच्या एका गिरणीत, साचेखात्यात. चाळीत दहा बाय बाराची खोली, खोलीत आठ माणसं, शिवाय गावाहून कुणी ना कुणी आलेलं असायचंच. आत्या सांगते, रविवारी आजी चपात्या आणि बटाट्याची सुकी भाजी फडक्यात बांधायची आणि सगळी वरात राणीच्या बागेत. जाताना चालत, येताना धाकटी पोरं दमली तर ट्राम. वर्षातून एखाद्या वेळी मरीन ड्राइव्हला तारापोरवाला मत्स्यालय. ते १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडलेलं. आजीला ते फारसं आवडायचं नाही. कोकणातली ना ती! "एवढे ताजे मासे आणि नुसते बघायचे?" हे तिचं वाक्य घरात अजून चालतं. मत्स्यालय २०१५ मध्ये नवं करून उघडलं, पण २०२० च्या टाळेबंदीत बंद पडलं, तेव्हापासून माझ्या यादीतून ते गळलं.

चौपाटी तेवढी सगळ्यांत स्वस्त. समुद्राला तिकीट नाही. १ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले आणि याच वाळूत त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तिथेच अनंत चतुर्दशीला गणपती जातात आणि तिथेच आमच्या घरातली प्रत्येक पिढी वाळूत पहिल्यांदा धडपडली.

मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या लोखंड्यांनी मागून घेतलेला एक दिवस, आणि इथे आठवड्याचे सातही दिवस रिकामे. आजोबा दुपारी जेवून निघायचे आणि राणीच्या बागेत जाऊन बसायचे. एकटेच. आजीला वाटायचं युनियनच्या ऑफिसात जातात. एकदा बाबा त्यांना शोधत गेले तर ते एका झाडाखाली बाकावर बसलेले, शेजारी त्यांच्याच खात्यातले आणखी तिघं. कुणी काही बोलत नव्हतं. घरात बायकोपोरांसमोर बसवत नाही, बाहेर चहाला पैसे नाहीत, अशा माणसाला दिवस काढायला ती एक जागा होती. त्यांची गिरणी पुन्हा सुरू झाली नाही. बाबा ही गोष्ट फार क्वचित सांगतात.

म्हणून तिकिटाचा विषय निघाला की मी जरा हळवी होते. राणीच्या बागेत २०१६ मध्ये पेंग्विन आले आणि २०१७ मध्ये लोकांना बघायला मिळाले. त्याच वर्षी ऑगस्टपासून तिकीट वाढलं. मोठ्यांचं पाचाचं पन्नास, मुलांचं दोनाचं पंचवीस. आईबाप आणि दोन मुलं यांना मिळून शंभर रुपये. आधी हेच चौघं चौदा रुपयांत आत जायचे. देखभालीला पैसा लागतो, हे मलाही कळतं. पेंग्विनला गारवा लागतो, पिंजरे नवे झाले, बाग पहिल्यापेक्षा स्वच्छ आहे. मॉलमध्ये शंभर रुपयांत एक आइस्क्रीम येतं, हेही खरं. पण रोजंदारीवर जगणाऱ्या घरात शंभराची नोट म्हणजे काय, ते आमच्या घराला माहीत आहे. आणि संपातल्या माणसाला रोज पन्नास रुपये देऊन बाकावर बसता आलं नसतं.

राजाराण्यांनी आपापल्या नावाने बांधलेल्या जागा सामान्य माणसांनी चपात्या बांधून नेऊन आपल्याशा केल्या. त्यासाठी आधी कुणीतरी एक दिवस मागून घ्यावा लागला, कुणीतरी ट्रामचं भाडं कमी करावं लागलं, कुणीतरी दारातलं तिकीट नाममात्र ठेवावं लागलं. यातलं एक जरी हललं तरी बाग तिथेच राहते, फक्त आतली माणसं बदलतात.

तेव्हा मावशी, आतेभावा आणि यंदा मुंबईला येणाऱ्या सर्वांनो, यादी तीच आहे. फक्त दगडी हत्तीपाशी मुलांना क्रेनची गोष्ट सांगा, हँगिंग गार्डनमध्ये पायाखालच्या पाण्याची. आणि जमलं तर रविवारीच जा. गर्दी होईल, घाम येईल, बूट बघायला पोरांची ढकलाढकली होईल. होऊ दे. ती गर्दी फार कष्टाने जमलेली आहे.