ऑनलाइन पोकर : कार्डाने होणारा भरणा

ऑनलाइन पोकरच्या खात्यात डेबिट, क्रेडिट किंवा प्रीपेड कार्डाने पैसे जमा करण्याचा व्यवहार. खरे पैसे लावून खेळण्याचे पहिले संकेतस्थळ, प्लॅनेट पोकर, १९९८ साली सुरू झाले. पुढे आलेल्या बहुतेक कंपन्यांनी आइल ऑफ मॅन, जिब्राल्टर अशा परवाना देणाऱ्या प्रदेशांत ठाण मांडले. खेळाडू मात्र जगभर विखुरलेले होते. परदेशातल्या कंपनीला कायद्याने गाठणे सरकारांना अवघड जाई, पण खेळाडूला कार्ड देणारी बँक त्यांच्याच हद्दीत होती. म्हणून या खेळावरचे नियंत्रण मुख्यतः भरण्याच्या वाटेवरच झाले.

कार्यपद्धती : खेळाडू संकेतस्थळाच्या कॅशियर विभागात कार्डाचा क्रमांक, मुदत, सीव्हीव्ही आणि रक्कम भरतो. ही मागणी पेमेंट गेटवेमार्फत संकेतस्थळाच्या बँकेकडे आणि तिथून व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या जाळ्यातून कार्ड देणाऱ्या बँकेकडे जाते. मागणीसोबत विक्रेत्याच्या धंद्याचा चार अंकी संकेतांक असतो. पैजा, लॉटरी आणि कॅसिनोच्या चिप्स यांसाठी तो ७९९५ आहे. एवढा एक आकडा पाहून बँक व्यवहार अडवू शकते. त्यामुळे खात्यात पुरेशी शिल्लक असूनही कार्ड नाकारले जाते. मंजुरी मिळाली, तर काही सेकंदांत चिप्स खात्यात येतात. बँकाबँकांमधला पैशांचा हिशेब मात्र त्यानंतर पुरा होतो.

वाद व फसवणूक : चिप्स आधी आणि पैसे मागाहून, या क्रमात संकेतस्थळाची जोखीम असते. हरलेला खेळाडू ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ अशी तक्रार बँकेकडे करून रक्कम परत मागू शकतो. याला चार्जबॅक म्हणतात. तक्रार मान्य झाली, तर रक्कम संकेतस्थळाच्या खात्यातून वळती होते. चोरीच्या कार्डाचा वापर याहून गंभीर आहे. अशा कार्डाने खाते भरायचे, टेबलावर मुद्दाम हरून चिप्स साथीदाराकडे सरकवायच्या आणि त्याने त्या पैशांत वठवून घ्यायच्या, अशी ही रीत. तिला चिप डंपिंग म्हणतात. त्यामुळे संकेतस्थळे ओळखपत्र मागतात, कार्डाचे मधले अंक झाकून काढलेले छायाचित्र मागतात आणि शक्य तिथे भरलेली रक्कम त्याच कार्डावर परत करतात.

अमेरिकेतील निर्बंध : २००३ साली ख्रिस मनीमेकर हा टेनेसीचा लेखापाल ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून ‘वर्ल्ड सीरीज ऑफ पोकर’ला पोहोचला आणि मुख्य स्पर्धेचे २५ लाख डॉलर जिंकला. त्यानंतर या खेळाची लाट आली. बँकांनी हात आखडता घ्यायला त्याआधीच सुरुवात केली होती : न्यूयॉर्कच्या महान्यायवादींशी झालेल्या करारानुसार सिटीबँकेने २००२ मध्ये ऑनलाइन जुगारासाठी क्रेडिट कार्डाचा वापर अडवण्याचे मान्य केले होते. १३ ऑक्टोबर २००६ रोजी बेकायदा इंटरनेट जुगार अंमलबजावणी कायदा झाला. त्याने खेळाडूला हात लावला नाही. बेकायदा इंटरनेट जुगारासाठी कार्ड, धनादेश वा बँक हस्तांतराने पैसे स्वीकारण्यास जुगार कंपन्यांना मनाई केली. पार्टीपोकर या कंपनीने अमेरिका सोडली. पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि अब्सोल्यूट पोकर या कंपन्या मात्र तिथेच राहिल्या.

१५ एप्रिल २०११ रोजी या तिन्ही कंपन्यांच्या संस्थापकांसह अकरा जणांवरचे आरोपपत्र न्यूयॉर्कमध्ये जाहीर झाले. खेळाडूंचे पैसे दागिने आणि गोल्फचे चेंडू विकणाऱ्या शेकडो बनावट ऑनलाइन दुकानांच्या नावाने दाखवले जात, असा त्यात आरोप होता. पोकरच्या जगात हा दिवस ‘ब्लॅक फ्रायडे’ म्हणून ओळखला जातो. फुल टिल्टच्या खेळाडूंची शिल्लक अडकली. अमेरिकेतल्या खेळाडूंना परतावा २०१४ पासून मिळू लागला. २०१३ पासून नेव्हाडा, डेलावेअर आणि न्यू जर्सी या राज्यांत परवानाधारक ऑनलाइन पोकर सुरू झाला.

उधारीचा प्रश्न : डेबिट कार्डाने खेळणारा स्वतःजवळचे पैसे लावतो, क्रेडिट कार्डाने खेळणारा कर्जाचे. अनेक बँका असा भरणा खरेदी न मानता रोख उचल मानतात. मग त्यावर वेगळे शुल्क लागते, बिनव्याजी मुदत मिळत नाही आणि व्याज पहिल्या दिवसापासून चढते. टेबलावर बसण्याआधीच खेळाडू तोट्यात असतो, आणि हरलेली रक्कम भरून काढायला पुन्हा तेच कार्ड पुढे येते. ज्या घराचा महिन्याचा खर्च पगारावर चालतो, त्या घराला ही उधारी फार महाग पडते. क्रेडिट कार्डाने ऑनलाइन जुगार खेळणाऱ्यांपैकी २२ टक्के लोक समस्याग्रस्त जुगारी असल्याचे ब्रिटनच्या जुगार आयोगाने नोंदवले. तिथे १४ एप्रिल २०२० पासून जुगारासाठी क्रेडिट कार्ड बंद झाले, डेबिट कार्ड चालू राहिले. ऑस्ट्रेलियाने ऑनलाइन पैजांसाठी असाच निर्बंध ११ जून २०२४ पासून लावला.

भारतातील स्थिती : कार्डाच्या ऑनलाइन व्यवहाराला जादा पडताळणी रिझर्व्ह बँकेने २००९ मध्येच सक्तीची केली, ओटीपीची सवय त्यातूनच लागली. १ ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन पैशांच्या खेळात भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला. पोकर हे कौशल्य की नशीब, हा वाद न्यायालयांत दीर्घकाळ चालला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने हा भेद बाजूला ठेवून पैशांचे सर्वच ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरवले. अशा खेळांचे व्यवहार हाताळण्यास बँका व वित्तसंस्थांना मनाई असून तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. केवळ खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. देशातल्या प्रमुख पोकर कंपन्यांनी त्यानंतर पैशांचे खेळ बंद केले. पणजीजवळ मांडवी नदीतल्या कॅसिनो जहाजांवर समोरासमोर खेळला जाणारा पोकर मात्र गोव्याच्या १९७६ च्या जुगार कायद्याखालील परवान्याने चालतो.