स्थिर चित्रातील गती आणि पाहणाऱ्याचा अधिकार

चित्र स्थिर असते. रंग वाळला की त्यातील रेषा आपली जागा सोडीत नाही. असे असूनही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात अशी अमूर्त चित्रे निर्माण झाली, की ज्यांच्यासमोर उभे राहणाऱ्यास रेषा वाहताना आणि चौकोन आत ओढले जाताना दिसू लागले. १९६४ सालापासून हा चित्रप्रकार ‘ऑप आर्ट’ या नावाने रूढ झाला. ही गती नेमकी कोठे असते, आणि तिच्या इतिहासाने कलेच्या आस्वादाविषयी कोणता प्रश्न उभा केला, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहोत.

या कलेचे एक प्रमुख प्रवर्तक व्हिक्टर वासारेली हे होत. हंगेरीतील पेच या गावी १९०६ साली जन्मलेले वासारेली १९३० साली पॅरिसला आले आणि जाहिरातींसाठी रेखाटने करून उपजीविका करू लागले. १९५५ साली तेथील दनीज रने यांच्या दालनात ‘गती’ याच नावाचे प्रदर्शन भरले. त्यात काही कलाकृती प्रत्यक्ष हलणाऱ्या होत्या, तर काही स्थिर राहून हलल्याचा प्रत्यय देणाऱ्या होत्या. एका धनिकाच्या भिंतीवर बंदिस्त होणाऱ्या एकमेव चित्रापेक्षा अनेक प्रतींच्या रूपाने सर्वांपर्यंत पोहोचणारे चित्र वासारेली यांना अधिक मोलाचे वाटे.

इंग्लंडमध्ये ब्रिजेट रायली यांनी हाच शोध स्वतंत्रपणे घेतला. १९५९ साली त्यांनी फ्रेंच चित्रकार सरा यांच्या एका चित्राची नक्कल केली, ती शेजारी ठेवलेले रंग डोळ्यात कसे मिसळतात हे समजून घेण्यासाठी. १९६१ सालच्या ‘चौकोनांतील गती’ या त्यांच्या चित्रात बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन आहेत. त्यांची उंची कायम राहते. रुंदी मात्र क्रमाक्रमाने घटत जाते आणि पुन्हा वाढते. एवढ्या साध्या बदलाने सपाट पृष्ठभाग दुमडून खोल दरीत जात असल्याचा भास होतो. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की रायली यांनी प्रकाशविज्ञानाचा अभ्यास केलेला नव्हता. रेखाटन करावे, पाहावे आणि पुन्हा बदलावे, हीच त्यांची पद्धती होती.

मग ही गती येते कोठून? १९५७ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ डोनाल्ड मॅके यांनी दाखवून दिले, की एका केंद्रातून निघणाऱ्या दाट किरणरेषांकडे पाहत राहिल्यास नसलेली हालचाल दिसू लागते. १९८१ साली इझिया लेव्हियाँ यांनी ‘एनिग्मा’ हे चित्र रचले. त्यातील किरणरेषांना छेदणाऱ्या रंगीत वलयांतून काहीतरी वेगाने फिरत असल्यासारखे वाटते. १९९३ साली सेमिर झेकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा आकृतीकडे पाहणाऱ्यांच्या मेंदूचे चित्रण केले, तेव्हा खरी गती पाहताना जो भाग कार्यरत होतो तोच येथेही कार्यरत झाल्याचे आढळले. २००८ साली सुसाना मार्टिनेझ-कोंडे यांच्या गटाने आणखी एक दुवा जोडला. आपण एका बिंदूवर नजर खिळवली तरी डोळा पूर्ण स्थिर नसतो, त्याची अतिसूक्ष्म चलने सुरूच राहतात. या चलनांचे प्रमाण वाढले की चित्रातील गतीही वाढल्यासारखी दिसते, असे त्यांच्या प्रयोगात दिसून आले. भ्रमामागील सर्व कारणे यामुळे उलगडली असे नव्हे. परंतु भ्रमालाही कार्यकारणभाव असतो, तो चमत्कार नसतो, हे यातून निश्चितपणे सिद्ध झाले. गती एकट्या चित्रात नाही आणि एकट्या डोळ्यातही नाही. दोहोंच्या संयोगाने ती उत्पन्न होते.

या सत्याचा सामाजिक अर्थ पॅरिसमधील एका तरुण गटाने ओळखला. १९६० साली स्थापन झालेल्या या दृश्यकला-संशोधन गटात अर्जेंटिनाहून आलेले हुलिओ ल पार्क प्रमुख होते. चित्र जर पाहणाऱ्याच्या डोळ्यात पूर्ण होत असेल, तर पाहणारा हा केवळ ग्राहक वा भक्त राहत नाही, तो निर्मितीचा भागीदार होतो. पुराणकथा, ग्रंथ वा घराण्यातून आलेली अभिरुची यांची पूर्वअट येथे उरत नाही. १९६६ साली एक दिवसभर या गटाने आपल्या कलावस्तू पॅरिसच्या रस्त्यांवर नेल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्या हाताळावयास दिल्या. ज्यांच्यासाठी कलादालनाचा उंबरठा उंच होता, त्यांच्याकडे कला स्वतः चालत गेली.

परंतु इतिहासाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. १९६५ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात विल्यम साइट्झ यांनी ‘प्रतिसाद देणारा डोळा’ हे मोठे प्रदर्शन भरविले. लोकांनी गर्दी केली. काही समीक्षकांनी मात्र ही कला नव्हे, ही तर डोळ्यांची करमणूक, असे म्हणून नाक मुरडले. दुसरीकडे व्यापाऱ्यांनी रायली यांच्या रचना त्यांच्या संमतीवाचून कपड्यांवर छापल्या. दुकानांच्या काचांमागे आपली चित्रे पोशाख होऊन टांगलेली पाहून त्या व्यथित झाल्या. सर्वांसाठी असणे आणि बाजारासाठी असणे यांतील अंतर किती सहज पुसले जाते, याचे हे उदाहरण होय. त्याच रायली यांना १९६८ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात चित्रकलेचे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत्या.

समीक्षकांचा आक्षेप आम्हास मान्य होण्यासारखा नाही. जी कला आपल्या डोळ्यांवर आंधळा विश्वास ठेवू नका असे सांगते आणि तरीही स्वतःच्या डोळ्यांनीच पाहा असा आग्रह धरते, ती करमणूक करून थांबत नाही, विचार करावयास शिकविते. जे दिसते ते तसेच आहे काय, आणि तसे का दिसते, हा प्रश्न विचारण्यास विद्वत्तेचा परवाना लागत नाही. स्थिर रेषांतून उठणारी ही गती विद्वानास दिसते तशीच निरक्षरासही दिसते. या कलेच्या इतिहासाचे खरे महत्त्व आम्हास येथेच वाटते.